आतल्याची तक्रार

बर्मिंगहॅमच्या अकरा नंबरच्या बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेपाशी, थेल्मा प्रॉसर बसली होती. ही तिची हक्काची जागा. सत्तरी उलटली म्हणून काय झालं, जिना चढून वर बसण्यात जी मजा आहे ती खाली नाही. खाली नुसत्या बाबागाड्या आणि ओल्या छत्र्या. तर बस अकॉक्स ग्रीनच्या सिग्नलला थांबली आणि बुटांच्या दुकानासमोर तिला एक म्हातारा दिसला. दोन पिशव्या त्याने फुटपाथवर ठेवल्या होत्या, आणि उजव्या हाताने डाव्या हाताचा अंगठा तो चोळत होता. सावकाश, खाली मान घालून, दुकानाच्या काचेकडे तोंड करून, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं की हा बूट बघतोय. बिचारा, तिच्या मनात आलं, याच्या घरी कुणी आहे की नाही? मग पिशवीतून बाहेर डोकावणाऱ्या लीकच्या, त्या जाड कांदापातीसारख्या भाजीच्या, हिरव्या पाती तिने पाहिल्या. लीक तिनेच सांगितल्या होत्या. पिशवीही तिचीच, निळ्या चौकड्यांची. म्हणजे आधी पिशवी ओळखली आणि मग नवरा. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर हे बरं नव्हे, पण झालं खरं तसं. सिरिलला तिने शेजारून पाहिलं होतं, शिडीवर चढला की खालून पाहिलं होतं, झोपला की अगदी नाकाजवळून पाहिलं होतं. वरून कधी पाहिलं नव्हतं. वरून तो कुणाचाही होता. सिग्नल सुटला, बस निघाली, पुढच्या थांब्यावर घंटी दाबायची होती ती तिने दाबलीच नाही. अकरा नंबर शहराभोवती गोल फिरते. थेल्माने तो सगळा फेरा घातला, तीच गल्ल्यागल्ल्यांची रांग, तेच दवाखाने, तीच चर्चं, आणि ड्रायव्हर बदलला तेव्हा नवा ड्रायव्हर ओरडला, ‘वर कुणी राहिलंय का बाळ?’ या शहरात सत्तरीच्या बाईलाही बाळच म्हणतात. त्यावर ‘राहिलेय की!’ असं तिनेही ओरडून सांगितलं. फेरा पुरा करून बस पुन्हा बुटांच्या दुकानापाशी आली तेव्हा तिथे कुणीच नव्हतं.

घरी लीकचं सूप तयार होतं. ‘कुठे होतीस एवढा वेळ?’ असंसुद्धा त्याने विचारलं नाही. हेच तर खुपत होतं. अहो, हा माणूस एके काळी तक्रारींचा बादशहा! चहा गार आहे, पाव कालचा आहे, नगरपालिकेने खड्डा बुजवला तो उंच बुजवला, शेजाऱ्याचं मांजर आपल्याकडे हिणवून बघतं. सकाळी डोळे उघडले की याची गिरणी सुरू, ती रात्री दिवा मालवला तरी अंधारात थोडा वेळ फिरत राही. थेल्मा वैतागायची. ‘मेल्यावर तरी गप्प बसशील का रे?’ असं ती विचारायची, आणि तो म्हणायचा, ‘पेटी कशी आहे त्यावर अवलंबून.’ आणि आता वसंत ऋतूपासून सगळं ठीक. सूप? ठीक. झोप? ठीक. रविवारी सकाळी रानातल्या नेमबाजीच्या क्लबात जाणं त्याने बंद केलं, तेही ठीकच. कधी गवत ओलं, कधी मोटारीचा आवाज बरा नाही. एकदा तर लख्ख उन्हाकडे बघत म्हणाला, आज पाऊस येईल. त्याची एअर रायफल कपाटात तिच्या लांब पिशवीत उभी होती आणि रविवारी दुपारी तो तिच्या अक्रोडाच्या दस्त्याला तेल लावत बसायचा. जी बंदूक बाहेर जात नाही तिला तेल! थेल्माला त्या तेलाचा वासही नकोसा झाला होता, कारण हा वास म्हणजे पूर्वी मोजे चिखलात माखून आलेला नवरा होता, हुकलेल्या प्रत्येक छर्ऱ्याचा खटला भरणारा, वाऱ्याला आरोपी करणारा. आता नुसताच वास. सूप पिताना तिने त्याच्या डाव्या हाताकडे पाहिलं. हात टेबलाखाली होता.

दुसऱ्या दिवशी तिने टिमिन्सला फोन केला. टिमिन्स म्हणजे क्लबातला सिरिलचा जोडीदार, आडदांड, प्लंबर, कुणाशीही बोलला तरी आधी हसणारा. आज हसला नाही. ‘हे बघ बाळ,’ तो म्हणाला, ‘त्याला नेम धरायला काही होत नाही. जमिनीवर पालथा पडला की अजून माझी चटणी करतो. त्याला होत नाही ते उचलून चालणं. एका निशाणापासून दुसऱ्या निशाणापर्यंत रान तुडवायचं, कुंपणं ओलांडायची, आणि ती त्याची बया म्हणजे ओंडका आहे ओंडका. आम्ही सगळे पट्टा लावून खांद्याला अडकवतो. तो नाही.’

‘मग लावत का नाही मेला पट्टा?’

‘पट्ट्याला दस्त्यात स्टड बसवावे लागतात. म्हणजे दोन भोकं. आणि अक्रोडात भोक पाडणारा माणूस म्हणजे खाटीक, हे त्याने क्लबात दहा जणांच्या तोंडावर सांगितलंय. त्यातल्या नऊ जणांच्या बंदुकांना भोकं होती.’

‘तू का नाही बसवून देत?’

‘मी? मला जगायचंय अजून.’

‘मग मी बसवते,’ थेल्मा म्हणाली.

शेवटी त्यानेच स्टड आणून दिले. बोटाच्या पेराएवढ्या दोन काळ्या खुंट्या, डोक्याला कडी अडकवायचं भोक, खाली स्क्रूचे आटे. एक लांब, एक आखूड. दारातच उभं राहून त्याने बजावलं. ‘आधी लोखंड लाकडातून बाहेर काढायचं, मगच ड्रिल. खालच्या जाड नळीत दाबलेली हवा असते. तिच्यात ड्रिल घुसलं तर तुझ्या शेडचं छप्पर शेजारणीच्या गुलाबात जाऊन बसेल. आणि आखूड पुढे, लांब मागे. कळलं?’ थेल्माला राग आला. कड्या आणि स्क्रू तिला शिकवणार हा? लग्नाआधीपासून पेन्शनीपर्यंत ती शवपेट्यांच्या कारखान्यात होती आणि तिचं काम एकच, पेट्यांना कड्या बसवणं. अर्ध्या बर्मिंगहॅमला तिने खांद्यावर उचलायच्या लायकीचं केलं होतं. एक कडी कधी निखळली नाही. ‘कळलं, कळलं,’ असं म्हणत तिने दार लावून घेतलं.

सिरिल दिवसभरासाठी डडलीला बहिणीकडे गेला, आणि थेल्मा रायफल काखेत मारून शेडमध्ये शिरली. बाहेर उन्ह होतं, खिडकीतून त्याचा पट्टा बाकावर पडला होता आणि त्यात भुसा तरंगत होता. लाकूड तिच्या हाताला परकं नव्हतं, तरी हे लाकूड गुळगुळीत, ऊबदार, चक्क अंगासारखं. तिने स्क्रू सैल केला, नळी आणि लोखंड अलगद बाहेर निघालं, आणि रिकामा दस्ता उलटा करून तिने दोन जुन्या टॉवेलांत गुंडाळून वाइसच्या पकडीत धरला. तेव्हा तिला तो ओरखडा दिसला. दस्त्याच्या पुढच्या अंगाला, तळहात टेकतो तिथे, बोटभर लांब. आत मेण भरून, तेल चोपडून लपवलेला, पण उन्हात उघडा पडलेला. खडीचा ओरखडा. म्हणजे पडली होती. त्याच्या हातून पडली होती, आणि अक्रोडाला टाचणी लावू न देणाऱ्या माणसाने एकट्याने ती उचलून, पुसून, रविवारच्या रविवार तो ओरखडा मेणाने बुजवला होता. तेल कशाला लावत होता ते आता समजलं. ती त्या ओरखड्यावरून बोट फिरवत राहिली. हा माणूस कधीपासून इतका गप्प झाला? पायात काटा गेला तरी पाच घरांना ऐकू जाईल असा ओरडायचा तो. कारखान्यात लागली तेव्हा पहिल्या आठवड्यात तिला सगळ्यात विचित्र काय वाटलं असेल तर शांतता. म्हणजे गोंगाट होता, करवती होत्या, पोरी गाणी म्हणत होत्या. पण ज्याच्यासाठी सगळं चाललंय त्याचं काही म्हणणंच नाही. मापाला आली नाही, आवडलं नाही, अस्तर टोचतं, काही नाही. मुकादम गोल्डिंग, जाडजूड, मिशीत नेहमी भुसा, तिच्या मागे उभा राहून म्हणायचा, ‘लांब स्क्रू घे, बाळ, लांब. टोक बाहेर निघालं तर निघू दे. आतला कधी तक्रार करत नाही.’ आणि सगळ्या पोरी खिदळायच्या. थेल्माही खिदळायची. विशीत होती ती. आतला म्हणजे कुणीतरी दुसराच असायचा.

तिने दस्त्यावर चिकटपट्टी लावली, म्हणजे ड्रिल घसरून लाकडाला चरा पडणार नाही. पट्टीवर पेन्सिलीने मध्य काढला. खिळ्याने ठसा पाडला. ड्रिलच्या पात्यालाही किती खोल जायचं त्याच्या खुणेची पट्टी गुंडाळली. मग आखूड स्टड हातात घेऊन पाहिला आणि तिला हसू आलं. हा पुढे? पुढे वजन! पेटीचं असंच असतं, डोक्याकडे वजन जास्त, तिथे लांब स्क्रू. पायांकडे आखूडाने भागतं. बंदुकीचं तोंड पुढे, म्हणजे डोकं पुढेच नाही का? टिमिन्स प्लंबर, त्याला काय कळतंय. त्याच्या मोऱ्या कुणी खांद्यावर घेत नाही. तिने लांब स्टड पुढे घेतला. ड्रिल फिरलं, अक्रोडाचा काळसर भुसा वर आला, भाजल्यासारखा गोडूस वास सुटला, आणि तिच्या मनगटात जुनं सगळं जागं झालं, किती दाबायचं, कधी सोडायचं. पहिलं भोक पडलं. आता मागे फिरणं नाही. ओरखडा मेणाने बुजतो, भोक बुजत नाही. हा माणूस चिडला तर? चिडला तर सोन्याहून पिवळं. पण गप्प बसला तर? समजा त्याने नुसतं ‘ठीक’ म्हटलं तर? स्क्रूला मेण फासून तिने दोन्ही स्टड फिरवले. पुढच्या स्टडचं टोक आत, नळी बसते त्या खाचेत, तिळाएवढं डोकावलं. डोकावलं तर डोकावलं. लोखंड परत बसवताना स्क्रूला जरा जास्त जोर द्यावा लागला, तो तिने दिला. पट्ट्याची सोय आधीच केली होती. पेटी खड्ड्यात सोडायला वापरतात तो जाड सुती पट्टा, कारखाना सोडताना तिने एक वारभर मागून घेतला होता, कुठे ना कुठे उपयोगी पडेल म्हणून. टोकं दुमडून शिवली, कड्या घातल्या. झकास दिसत होतं. ती शीळ घालतच घरात आली.

सिरिल आला, टोपी काढली, आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवलेल्या रायफलीकडे बघून उभाच राहिला. थेल्मा ओट्याकडे तोंड करून बटाटे सोलत होती. एकच बटाटा ती सोलत राहिली, तो गोटीएवढा झाला. मग खुर्ची सरकली. त्याने स्टडवरून बोट फिरवलं असणार, कडी किणकिणली. ‘मध्यावर आहे,’ तो म्हणाला.

‘मग? तिरकं बसवेन का?’

‘लाकूड चिरलंही नाही कुठे.’

‘मेण लावलं होतं स्क्रूला.’

‘हा पट्टा कसला?’

थेल्माने सांगितलं. ‘कोरा आहे हं,’ ती घाईने म्हणाली, ‘वापरलेला नाही.’ तिला वाटलं आता तरी तो हसेल, निदान खाटीक म्हणेल. पण तो दस्त्याची दुसरी बाजू वर करून बघत होता, ओरखड्याची. आणि तिनेही तो पाहिलाय हे त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे तिला कळलं, आणि दोघंही बटाट्यांबद्दल बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याने पट्टा खांद्यावर टाकला आणि बागेच्या टोकाला गेला. जाताना दोन्ही हात खिशात! ती खिडकीतून बघत होती, आणि त्या खिशातल्या हातांमुळे तिला लाज वाटावी इतका आनंद झाला. बागेच्या मागच्या भिंतीशी छर्रे अडवायला पुट्टी भरलेला जुना पत्र्याचा डबा असायचा, त्यावर कागदी निशाण. तो चटईवर पालथा पडला. टक्. टक्. टक्. पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तसा आवाज. कित्येक महिन्यांनी तो बागेत आला होता. तिने चहाचं आधण ठेवलं. चहा घेऊन ती गेली तेव्हा तो उठून बसला होता आणि कागद मांडीवर घेतला होता. छर्रे कुठेही होते. एक वर, एक डावीकडे, दोन तर काळ्या वर्तुळाच्या पार बाहेर, मूठभर मोहरी उधळावी तसे. ‘वारा असेल,’ थेल्मा म्हणाली. पान हलत नव्हतं.

‘नाही गं.’ त्याचा आवाज अगदी नीट होता, तेच वाईट. ‘हात गेला. वाटतच होतं मला. चालताना जात होता, आता धरतानाही गेला. घट्ट धरलं की छर्रे एकीकडे जातात, सैल धरलं की दुसरीकडे.’ त्याने पट्टा गुंडाळला. ‘टिमिन्सला देऊन टाकू. त्याच्याकडे नीट राहील. तुझं काम सुरेख झालंय, थेल्मा. खरंच. ठीक आहे.’

ठीक आहे! तिला तो गरम चहा त्याच्या डोक्यावर ओतावासा वाटला. तो आत गेला, वर्तमानपत्र उघडून बसला, पान उलटेना. ती ओट्यापाशी उभी राहून विसळलेला कप पुन्हा विसळत होती. परवापरवापर्यंत टिमिन्स सांगत होता की नेमाला काही होत नाही. मग एका रात्रीत हात जातो? आणि घट्ट धरलं की एकीकडे, सैल धरलं की दुसरीकडे, हे हाताचं बोलणं कसलं? हात थरथरला तर थरथरतो, तो असा हिशेबाने चुकत नाही. धरायचा कुठे तो हात? पुढे, स्टडच्या मागेच. तिथे लाकूड दाबलं की काहीतरी आतून, आतून काहीतरी, आणि एकदम गोल्डिंग मुकादम भुसाभरल्या मिशीसकट तिच्या मागे येऊन उभा राहिला. आतला कधी तक्रार करत नाही, बाळ. थेल्माच्या हातातून कप सुटला. ‘अगं बाई!’ ती म्हणाली. ‘अगं बाई, बाई, बाई!’ सिरिल दचकून उठेपर्यंत ती रायफल उचलून शेडकडे पळत सुटली होती. पळत म्हणजे तिच्या गुडघ्यांना जमेल तेवढी. स्क्रू काढला. लोखंड वर उचललं. काळ्याभोर नळीच्या पोटावर, बरोब्बर पुढच्या स्टडसमोर, मोहरीएवढा एक ठिपका घासून लखलखीत झाला होता. दस्ता दाबला की स्टडचं टोक नळीला ढकलत होतं, आणि छर्रा भरकटत होता.

तिच्या मनात लबाडीही येऊन गेली, नाही असं नाही. गुपचूप बदलून टाकावं, परत लावावं, उद्या आपोआप नेम बसेल, त्याला वाटेल चमत्कार झाला. पण मग उद्यापर्यंत तो त्या हातासकट एकटाच बसणार, टेबलाखाली घेऊन. आणि चमत्कारावर विश्वास ठेवण्यातला सिरिल नव्हता. तो फक्त वाईटावर विश्वास ठेवायचा, लगेच आणि पुरावा न मागता. इतके महिने ज्याची धास्ती घेतली ते समोर आलं म्हटल्यावर स्टडकडे बघायचंही त्याला सुचलं नव्हतं. एरवी दुसऱ्याच्या बंदुकीतला सैल स्क्रू नुसत्या आवाजावरून ओळखणारा हा शहाणा! ‘सिरिल!’ तिने शेडच्या दारातून हाक मारली. ‘ये इकडे. आतला तक्रार करतोय.’

तो आला. ठिपक्याकडे बघितलं, खाचेत डोकावलेल्या टोकाकडे बघितलं, मग तिच्याकडे. ‘पुढे लांब कुणी लावायला सांगितला?’

‘डोक्याकडे वजन असतं म्हणून...’

‘कुणाच्या डोक्याकडे?’

‘पेटीच्या!’

मग खालून कुठून तरी, सिरिलच्या पोटातून, हसू वर आलं. तो वाकून हसला, बाकाला धरून हसला, डोळे पुसत म्हणाला, ‘बाई गं, माझ्या बंदुकीला तू पुरून टाकलंस की!’ आणि थेल्मा एकीकडे रडत आणि एकीकडे हसत त्याला ढकलत होती, ‘मग मघाशी बोलायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का? एक शब्द बोलला असतास, भोक का पाडलंस, पट्टा का लावलास, काहीतरी!’ लांब स्टड मागे, आखूड पुढे, दोघांनी मिळून बदलले. तिने फिरवले, त्याने नळीखाली कागदाचा कपटा घालून पाहिला. कपटा सळसळत आरपार गेला.

पुन्हा चटई. थेल्मा उलट्या बादलीवर बसली, हातात दुसऱ्यांदा केलेला चहा. आता तिला खरी भीती वाटत होती. पहिल्यांदा जमलं नाही त्याला सबब होती. आता सबब उरली नाही. लाकडाला भोकं तर पडलीच होती. टक्. बराच वेळ गेला. टक्. त्याची पाठ श्वासाबरोबर वरखाली होत होती, मानेवर पांढरे केस वाढले होते, ते कापायला झाले होते. टक्, टक्. आणि मग शेवटचा, ज्याच्या आधी त्याने डावा हात किंचित सरकवला, पुन्हा सरकवला, टक्. तो उठला, दोन्ही हात खिशात घालून डब्यापर्यंत गेला, रायफल पाठीवर, आणि कागद घेऊन आला. चार छर्रे एकमेकांना चिकटून, शर्टाच्या बटणाखाली झाकतील असे. पाचवा पार कडेला, वर्तुळाच्या बाहेर, एकटा.

‘हे चार हिचे,’ सिरिल रायफलीला थोपटत म्हणाला.

‘आणि तो?’

‘तो माझा.’ त्याने कागद तिच्या मांडीवर ठेवला आणि चटईवर बसला, पाय पसरून, पोरासारखा. मग त्याने डावा हात वर केला, उघड्यावर, उन्हात, तिच्या नाकासमोर. ‘अंगठा दुखतो गं. इथे, मुळाशी. सकाळी तर नुसता ठणका. झाकणं उघडत नाहीत. बंदूक पाडली मी कुंपणापाशी, तुला दिसलंच ते. टिमिन्सने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं, गाढवाने, जसा काही मी म्हातारा झालोय. पिशव्या धरवत नाहीत. त्या दिवशी मेल्या लीक...’

‘माहितेय,’ थेल्मा म्हणाली. ‘अकरा नंबरच्या बसमधून दिसलास.’

‘दिसलो? आणि उतरली नाहीस? अर्धा मण लीक घेऊन नवरा रस्त्यात उभा आहे आणि तू वर बसून बघतेस? एवढ्या लीक लागतातच कशाला दोन माणसांना? आणि त्या बुटांच्या दुकानाबाहेर एक बाक ठेवायला काय जातं त्यांचं? डॉक्टरकडे जायचं म्हणजे आधी फोनवर ते संगीत ऐका, कुणी निवडलंय ते संगीत? आणि दस्ता, थेल्मा, अक्रोडाचा दस्ता होता तो! दोन भोकं! पुढचं तर आरपार! मुडद्यांचा पट्टा लावून मी रविवारी त्या नऊ जणांपुढे जाऊ कसा?’

‘जाशील ना पण?’

‘जायला तर लागणारच आता. पण ऐकून घ्यावं लागेल ते मला, तुला नाही.’ गिरणी सुरू झाली होती, पट्टा लागला होता, जाती गरगरत होती. मध्ये बोलून ती बंद पडायला नको म्हणून थेल्माने साधं ‘हूं’सुद्धा केलं नाही. बादलीची कड मांडीला रुतत होती, तरी ती हलली नाही. बोलता बोलता त्याने तिच्या हातातला कप घेतला, घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

‘गार झालाय,’ तो म्हणाला.